गोमीचा स्वतःचा शब्द

तांडा, घाटंजीजवळ
५ डिसेंबर २०२४

चि. शाम,

ताईचे भरपूर आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तू तिकडे हैदराबादेत कसा आहेस हे विचारत नाही, कारण उत्तर ‘ठीक’ एवढंच येणार. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला अंगठा दाखवतोस. म्हटलं, कागदाला काही अंगठा दाखवता येत नाही, पत्रच लिहावं. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, कोनाचं लगन काढलं?”

याडीचे गुडघे थंडीने धरलेत, पण तोंड धरलेलं नाही, त्यामुळे काळजी करू नकोस. कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे. वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून आमचे हे स्वतःच कंबरेला ओटी बांधून वावरात उतरतात. घरजावई म्हणून तांड्याने जे ऐकवलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, आता कापूसही वेचतात. तू असतास तर त्यांना एवढं करावं लागलं नसतं. टोमणा आहे, लागू दे.

दाराचं तेच. अजूनही याडी कडी लावू देत नाही. लावायची म्हटली तरी आहे कुठे? तू घर सोडलंस त्या वर्षी तिने घरातल्या साऱ्या कड्या काढून टाकल्या, त्या पुन्हा बसल्याच नाहीत. तांड्यातल्या बाया म्हणतात, आईच ती, नंदाबाई पोराची वाट पाहते. परवा हिराबाईचं बोकड सरळ आत आलं आणि सुरभीच्या अंथरुणावर बसून तिची एक वही खाऊन गेलं. मी ओरडले तर याडी म्हणते, “जनावर हाये. दार उघडं दिसलं, आलं. माणसं येत नाहीत तं जनावर येईन.” हे कोणाला उद्देशून होतं ते तुला कळेलच.

सुरभी आता अठराची झाली. तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती, माझ्या पदराला धरून उभी. आता माझ्याहून उंच आहे. चालते थेट आईसारखी, आपल्या गोमीसारखी, टाच आधी टेकवून. संध्याकाळी ती विहिरीवरून येताना कधी कधी याडी हातातलं काम थांबवते आणि ती उजेडात येईपर्यंत थांबवूनच ठेवते. मीही थांबते. आम्ही एकमेकींना काही सांगत नाही.

दसऱ्याला हिरासिंग आला होता. गाडी घेऊन, मिठाई घेऊन. केस पांढरे झालेत, बोलणं मऊ झालंय. त्याने सुरभीला दिवाळीला चार दिवस नेलं. पोरगी खूश होऊन आली. बापाने तिच्यासाठी खोली गुलाबी रंगवली, पलंग घेतला, आरसा लावला. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, “कपडे बदलताना दाराले खुर्ची लावून बसा लागते, बाकी राजेशाही हाये मावशी.” आता तो म्हणतो, पोरीला संक्रांतीनंतर तिकडेच राहायला पाठवा, कॉलेज तिथलं, लग्नही माझ्या दारातून करीन. सुरभीचं मन तिकडे झुकलंय. मी काय म्हणणार? बाप आहे तिचा.

तर कामाचं बोलते. काल भांडी घासता घासता सुरभीने विचारलं, “माह्या आईनं तिच्या लग्नात काय म्हनून ढावलो गायला होता?” याडी उठली आणि मागच्या दाराने निघून गेली. आख्ख्या तांड्याच्या पोरींना ढावलो शिकवणारी बाई, नवरीने कुठे गळा काढायचा, कोणाच्या गळ्यात पडून कोणतं कडवं म्हणायचं ते सांगणारी, आणि चौदा वर्षांत तिने सूर लावलेला नाही. म्हणून मी तुझा जुना पेनड्राइव्ह काढला.

तुला आठवतं? इंजिनिअरिंगला असताना टेपरेकॉर्डर घेऊन तू आजूबाजूचे तांडे पालथे घालायचास. म्हणायचास, “ताई, सासरी जाताना प्रत्येक नवरी तेच रडते. मला पाठवू नका, मी परकी झाली, बापानं विकली, भावानं तोडली. पण त्यात एखादा शब्द तिचा एकटीचा असतो. तो मले पाह्यजे.” आणि त्यासाठी तू पर्ल शिकलास, कॉम्प्युटरची ती भाषा. एका बाईच्या ढावलोतला एकेक शब्द घ्यायचा, बाकी साऱ्या बायांच्या ढावलोत शोधायचा, कुठेच सापडला नाही तर तो तिचा. तुझा तो प्रोग्राम माझ्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर चालला, वीस वर्षांनी, एका झटक्यात. क्लासमध्ये मी पोरांना एक्सेलचे रकाने शिकवते, पण तुझं लिहिलेलं वाचता आलं. तू प्रत्येक ओळीशेजारी मराठीत टिपण ठेवायचास ते बरं झालं.

बिजलीबाईचा शब्द निघाला ‘रेडिओ’. म्हातारी एवढी वर्षं आम्हाला सांगते की मी माय-बापासाठी रडली. रडली ती बापाच्या घरी राहिलेल्या रेडिओसाठी! मी आणि सुरभी खूप हसलो.

मग गोमीचं लावलं. काही आलं नाही. पडदा कोरा. आणि खाली तुझंच जुनं टिपण दिसलं, ‘गोमती: स्वतःचा शब्द नाही.’

असेल तसंही. पण मला ते पटेना. ढावलो म्हणताना ती याडीच्या आणि माझ्या एकदमच गळ्यात पडली होती. एका ठिकाणी याडीचा हात माझ्या पाठीवर होता तो एकदम घट्ट झाला, हे मला अजून जाणवतं. शब्द आठवत नाहीत. तू टाइप केलेली गोमीची फाइल तिथेच आहे, उघडून वाचली की झालं, असं तू म्हणशील. उघडली होती. पहिली ओळ वाचून बंद केली. म्हणून मशीनला विचारते आहे.

प्रोग्राममध्ये काही राहिलं असेल का? सवडीने कळव.

तुझी
अंजूताई


तांडा
१९ डिसेंबर २०२४

प्रिय शाम,

तुझं कार्ड पोचलं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. याडीला वाचता येत नाही, तरी तिने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच, पण कामाचं आहे. तिने ते आरशामागे खोचून ठेवलंय.

तू लिहिलंस की चूक तुझी होती, शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमा घालायची राहिली. नुसतं ‘राम’ शोधलं तर ते ‘आराम’मध्येही सापडतं आणि ‘रामराम’मध्येही, आणि मशीनला वाटतं शब्द मिळाला. म्हणून आधी आणि नंतर \b लिहायचं, म्हणजे पूर्ण सुटा शब्दच धरला जातो. किती सोपं सांगितलंस. हे असं समजावत तू इथे क्लास चालवला असतास तर माझी पोरं माझ्याकडे आली नसती.

मी दोन्ही बाजूंना \b घातलं आणि गोमीवर चालवलं.

शाम, मशीनने सगळंच ओकलं. गोमीचा एकूण एक शब्द. ‘याडी’ तिचा एकटीचा, ‘बापू’ तिचा एकटीचा, ‘मी’सुद्धा तिचा एकटीचा. जगात दुसऱ्या कोणी आईला हाक मारलीच नाही. पडदा वरून खाली पळत होता आणि थांबत नव्हता. क्लासमध्ये भर दुपारी पोरं बसलेली, आणि मला वाटलं गोमी बोलते आहे, इतकी वर्षं गप्प बसवली म्हणून आता सगळंच बोलते आहे. मी स्क्रीनची वायर ओढली. पोरांना सांगितलं, लाइट गेली. पंखे फिरत होते.

घरी आल्यावर लॅपटॉपवर बिजलीबाईचं चालवून पाहिलं, तिथेही तेच. मग जरा जीव भांड्यात पडला. मशीनचाच काही घोळ आहे, गोमीचा नाही. तो काय ते कळव, आणि लवकर कळव.

लवकर का, ते सांगते. हिरासिंग पुन्हा येऊन गेला. चहा घेताना त्याने सुरभीसमोर गोमीचा विषय काढला. म्हणाला, “तुह्या आईचं मन थाऱ्यावर नोतं. आतून कडी लावली अन् पेटवून घेतलं. आमी दार ठोकून ठोकून थकलो. तुह्यासारख्या लेकराचाबी इचार नाही केला तिनं.” डोळ्यांत पाणी आणून बोलला. सुरभी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. रात्रीचं जेवण तिने केलं नाही, सकाळी मला म्हणाली, “आईनं मले टाकून देल्लं, मावशी. बापानं तं बोलावलं.” आपण सगळे हेच मानत आलो ना? तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, चौकीत हेच लिहिलं गेलं, आणि बापू हेच ऐकून सहा महिन्यांत गेले.

आणि तू गेलास. हिरासिंग तुझा होस्टेलचा दोस्त, स्थळ तू आणलेलं, म्हणून बहीण मेली ती माझ्यामुळे, असं तू धरून बसलास. तुला कोणी तसं म्हटलं नव्हतं. खरं सांगू? कोणी ‘तसं नाही’ असंही म्हटलं नाही. तेवढं आमच्याकडून राहिलं.

सुरभीने बॅगा भरायला काढल्यात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार. मला तिला थांबवायचं आहे, पण कशाच्या जोरावर? तिच्या आईचं एक तरी बोलणं हातात असलं तर तिला देता येईल. ती रागाने चालली आहे, आणि रागाने सासरी गेलेली पोर असो की बापाकडे, तिला परत यायची लाज वाटते.

याडी परवा मला म्हणाली, “तू त्या डब्ब्यात काय हुडकून राह्यली?” मी म्हटलं, क्लासचं काम. तिने मान हलवली आणि बाहेरच्या दाराकडे जाऊन ते नुसतं हाताने पुढे-मागे करून पाहिलं. रोज करते ती हे, दिवेलागणीला. दार कुरकुरत नाही, तेल घालते ती बिजागरीला.

उत्तर लिही. कार्ड नको, पाकीट पाठव.

तुझी
अंजूताई


तांडा
२ जानेवारी २०२५

माझ्या शाम,

पाकीट मिळालं. फाइल उघडतानाच ती युनिकोडमध्ये आहे हे पर्लला सांगावं लागतं, नाहीतर त्याला आपली अक्षरं अक्षरंच वाटत नाहीत, नुसते तुकडे दिसतात, आणि मग शब्दाची सीमा त्याला कुठेच सापडत नाही, हे कळलं. सांगितलेल्या दोन ओळी वरती घातल्या. आणि तू शेवटी लिहिलंस, ‘गोमीच्या फाइलवर चालवू नकोस, ताई. हात जोडतो.’

चालवला. तू हात जोडशील हे ठाऊक होतं, म्हणून आधी प्रोग्राम चालवला आणि मग पत्राचं शेवटचं पान वाचलं, असं लिहिलं असतं, पण खोटं कशाला बोलू? वाचूनच चालवला.

आधी बिजलीबाईवर. ‘रेडिओ’ बरोबर आला. मग बाकी दोघी-तिघींवर. कोणाची म्हैस, कोणाची शाळा. मग गोमीवर.

एकच शब्द आला, शाम.

कडी.

मी बाकी बायांच्या फाइली उघडून त्यात ‘कडी’ शोधली. मग कळलं तो आधी का आला नव्हता. दुसऱ्या बायांच्या ढावलोत ‘लाकडी’ आहे, ‘वाकडी’ आहे. लाकडी पाटावर बसवलं, वाकडी वाट दाखवली. प्रत्येक वेळी मशीनला त्यांच्या पोटात गोमीची कडी सापडली आणि त्याने सांगितलं, हा शब्द सगळ्यांचाच आहे. तू त्याच्यावर विश्वास ठेवून टिपण लिहिलंस. ते टिपण मी पुसलेलं नाही. तूच येऊन पूस.

आता ती फाइल उघडणं भाग होतं. पहिल्या ओळीवर थांबले नाही. मधोमध, याडीच्या गळ्यात पडून म्हणायच्या कडव्यात, तुझ्याच हाताने टाइप केलेलं आहे:

“याडी वं, खोली पाह्यली मी त्या घरची.
कडी भायेरून हाये, आतून नाही.
मले नको धाडू वं याडी.”

साखरपुड्यानंतर आपण सगळे ते घर पाहायला गेलो होतो, तेव्हा तिने ती खोली पाहिली. आम्ही कपाटं पाहिली, वावर पाहिलं, तू त्यांची मोटारसायकल चालवून आलास. तिने दार पाहिलं. आणि सांगायचं कुठे, तर ढावलोत सांगितलं. जिथे प्रत्येकीने ‘नको धाडू’ म्हणायचंच असतं. आपल्या तांड्याची रीत तुला माहीत आहे, ढावलोतल्या बोलाला जवाब नसतो. नवरीने बापाला कसाई म्हणावं, भावाला वैरी म्हणावं, मनात असेल ते सगळं ओकावं. ऐकणाऱ्याने फक्त गळ्यात पडून रडायचं, उलट एक शब्द बोलायचा नाही, नंतर विचारायचंही नाही. पोरगी मोकळी व्हावी म्हणून केलेली रीत. आपण ती पाळली. सगळे छान रडलो. बिजलीबाई तर म्हणाली होती, गोमीनं ढावलो लय गोड गायला.

आता लिहिते ते नीट वाच. ज्या खोलीला आतून कडीच नव्हती, त्या खोलीला गोमीने आतून कडी कशी लावली?

मी छापलेला कागद घेऊन घरी आले. याडी ओसरीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यापुढे बसले आणि वाचून दाखवलं. तिचे हात थांबले नाहीत. सोलता सोलताच म्हणाली, “हे मी तिले शिकवलं नोतं.”

“तुले तवाच समजलं होतं?”

“मी शिकवलेला ढावलो मले समजनार नाही? तिनं म्हनलं अन् माह्या काळजात चर्र झालं. म्हनलं, उद्या इचारीन. रीत होती ना. अन् उद्या तं ती गेलती.”

“अन् मंग? ती मेली तवा? ते म्हनले आतून कडी लावली, तवा काहून नाही बोलली तू?”

याडीने सूप बाजूला ठेवलं. “कोनाले सांगू? ढावलोतला बोल गवाही म्हनून कोन घेते? अन् हिरासिंगचा बाप मले बाजूले घेऊन म्हने, तुमी गप राहा, लेकरू तुमाले देतो. बोलले तं लेकराचं तोंडबी नाही पाहू देनार. चार वर्साची पोर त्यायच्या घरात, त्याच खोलीत. मी काय करू? मी पोरीवर राजी झाली.”

मग ती म्हणाली, “तुमाले वाटते मी शामची वाट पाह्यतो म्हनून कडी लावत नाही. त्याची वाट तं पाह्यतोच. पन कड्या मी गोमी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी काढल्या. पकडीनं उचकटल्या, माह्या हातानं. माह्या घरात कोनी कोनाले कोंडनार नाही.”

चौदा वर्षं मी त्या दारातून ये-जा करते. बोकड आत आलं म्हणून तिच्यावर ओरडते. मला कधी कळलं नाही. याचा मला इतका राग आला, शाम, स्वतःचा, तिचा, तुझा, साऱ्या तांड्याचा, की मी तिथेच उन्हात बसून मोठ्याने रडले.

तेव्हा मागून आवाज आला. सुरभी दारात उभी होती. हातात घडी घातलेला ड्रेस, बॅगेत टाकायला आणलेला. कधीपासून उभी होती कोण जाणे. दाराचा आवाज होत नाही ना आपल्या घरी. संध्याकाळ नव्हती, काळोख नव्हता, स्वच्छ ऊन होतं, तरी क्षणभर मला ती गोमीच वाटली, आणि याडीलाही वाटली, कारण याडीने तोंडावर पदर घेतला.

सुरभी म्हणाली, “अजूनबी नाही.”

“काय नाही वं?”

“त्या दाराले आतून कडी. तेच दार हाये, जुनं, सागाचं. नुसतं गुलाबी रंगवलं. मी हात फिरवून पाह्यला, कडी बसवल्याचं भोकबी नाही आतून. म्हनून तं मी खुर्ची लावत होती, मावशी.”

मला तिचं दिवाळीचं बोलणं आठवलं. मी त्यावर हसले होते. तुलाही गंमत म्हणून लिहिलं होतं.

मग याडीने पदर खाली घेतला, हात पुढे केले, आणि पोरगी तिच्या गळ्यात जाऊन पडली. आणि शाम, याडीने सूर लावला. आवाज पार फाटलाय, वर जात नाही, मध्येच खोकला येतो. पण ओळ तीच, गोमीची. खोली पाह्यली मी त्या घरची. कडी भायेरून हाये, आतून नाही. मले नको धाडू वं याडी. नातीच्या गळ्यात पडून आजी लेकीचा ढावलो म्हणत होती. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. बिजलीबाई काठी टेकत आली आणि रडायला लागली, सवयीने. रीत म्हणजे रीत.

आणि सुरभीने रीत मोडली. तिने याडीचे खांदे धरून तिला समोर केलं आणि मोठ्याने, साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, “नाही धाडत. आई, नाही धाडत तुले.”

बिजलीबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

त्यानंतर सुरभी आत गेली आणि तिने बॅग रिकामी केली. आज सकाळी एवढंच विचारलं, “शाममामा येईन काय?” मी म्हटलं, विचारते.

तर विचारते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हिरासिंगची गाडी येणार आहे. त्याला आम्ही काही कळवलेलं नाही, येऊ दे. त्याला दारात उभं करून परत पाठवायचं आहे, आणि पुढचं जे करायचं ते साऱ्यांच्या समोर करायचं आहे. आमचे हे म्हणतात मी बोलतो, पण ते बोलले तर तो म्हणेल घरजावयाने काय बोलावं. तो पाहुणा तू आणला होतास, भाऊ. दोष म्हणून लिहीत नाही. गोमी स्वतःहून गेली नाही, हे आता तुलाही कळलं. तुझ्यामुळे गेली नाही, हे मी चौदा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, ते आज म्हणते. पण त्याला परत धाडायला तूच हवास. आणि गोमीची कॅसेट तुझ्याचकडे आहे, मला माहीत आहे, ती घेऊन ये. सुरभीला आईचा आवाज आठवत नाही.

उशिरा पोचलास तर हाका मारत बसू नकोस, याडीला आता कमी ऐकू येतं. दाराला कडी नाही. नुसतं लोट.

वाट पाहणारी,
तुझी ताई